सुतळीचं दुसरं टोक

सत्तावीस नंबर तुम्ही खोडलात, परीक्षा विभागाच्या साहेबांनो. सुधारित यादी काढलीत, शिक्का हाणलात आणि चहाला गेलात. पुढचं निस्तरलं दोरीवाल्या सरांनी.

दोरीवाले हे पोरांनी ठेवलेलं नाव. कॉम्प्युटरचा डेटा स्ट्रक्चर्स हा विषय शिकवायला सर पिशवीभर सुतळी आणत. प्रत्येक पोर म्हणजे प्रोग्राममधलं एक ऑब्जेक्ट, मशीनच्या मेमरीत जागा अडवून बसलेली वस्तू. ज्याला कोणी धरून आहे, त्याच्याकडे एक सुतळी. "आणि ज्याच्याकडे एकही सुतळी जात नाही," सर सांगत, "त्याला मशीन कचरा समजून झाडून टाकतं. भांडण नाही, तंटा नाही." वर्ग खिदळे. सरांचा हा लाडका तास.

त्या मंगळवारी कचरा व्हायची पाळी शेवटच्या बाकावरच्या सत्तावीस नंबरच्या मुलीची होती. एकेकाने तिची सुतळी सोडली. सरांच्या हातातली तेवढी उरली. इतक्यात शिपाई तुमची यादी घेऊन आला. सरांनी सुतळी टेबलाच्या पायाला बांधली, न वाचताच सही केली, आणि तास संपला.

बुधवारी तो बाक रिकामा.

"सत्तावीस कुठेय रे?"

"कोण सत्तावीस?" पुढच्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला. "सव्वीसनंतर अठ्ठावीस, सर. बदाम खात जा."

हजेरीपटातही तसंच. मध्ये खाडाखोडसुद्धा नाही. सुतळी मात्र टेबलापासून त्या बाकापर्यंत गेलेली. जमिनीला न टेकता. ताठ.

सरांनी गाठ सोडली नाही. संध्याकाळी वह्यांच्या गठ्ठ्यात सत्तावीसची वही निघाली, शाई अजून ओली. उत्तर इतकं नेटकं, की सरांनी जन्मात पहिल्यांदा दहापैकी दहा दिले. मग वही रोज यायला लागली.

"स्वारी खुशीत दिसतेय," बायको म्हणाली.

"विद्यार्थिनी मिळाली गं एक."

वर्गात पोरं सुतळीखालून वाकून जायला शिकली. का वाकतो, हे एकानेही विचारलं नाही.

परवा चष्मेवाल्याने शंका काढली. "सर, समजा दोघंच एकमेकांना धरून आहेत. बाहेरून त्यांना कोणीच धरलेलं नाही. मग ते वाचतात?"

"छे," सर सवयीने बोलून गेले. "दोघंही झाडले जातात."

काल तुमची नवी यादी लागली. शिक्षकांची. तिच्यात सर नाहीत.

शेजारच्या वर्गाचे प्राध्यापक जिन्यात भेटले. खांद्याला खांदा लागला, तरी बघितलं नाही.

घरी टेबलावर चहाचा एकच कप.

"अगं, माझा?" सर म्हणाले.

"वारा सुटला वाटतं," बायको स्वतःशीच पुटपुटली आणि खिडकी लावून घेतली.

आज सर रिकाम्या वर्गात बसलेत. रडत नाहीत, ओरडत नाहीत. चांगली विद्यार्थिनी मिळालेला मास्तर जसा बसेल, तसे. सुतळी मनगटाला बांधली आहे. पुढ्यात सत्तावीसची वही. आज तिच्यात उत्तर नाही. एकच ओळ आहे: 'सर, मी धरलंय. तुम्ही?'

रिकाम्या बाकाकडून हलकासा हिसका बसतो. सर तसाच हिसका परत देतात.

साहेब, बाहेरून एक हात हवाय. एकच. यादी तुमच्या टेबलावर आहे, पेन तुमच्या खिशात. उद्या सकाळी खोली झाडायला माणूस येतोय.

धरताय की नाही? बोला.