टांगा दाराशी थांबला

निमगाव केतकीला घरी जायची एसटी चुकली आणि रुक्सारनं समोरून येणाऱ्या टांग्याला हात केला.

"शिटा घेत न्हाय, म्याडम," टांगेवाला वाजिद म्हणाला. "लग्नाचा टांगा हाय. एकटीला बसवलं तर लोक विचारतील, नवरदेव कुठाय..."

"सांगा, पुढं बसून हाकतोय," ती बोलून गेली — आणि जीभ चावत चढलीसुद्धा.

रुक्सार इंदापूरच्या कॉलेजात मराठी शिकवायची. जुन्या कादंबऱ्यांतल्या टांग्यांवर लेख लिहीत होती. वाटेत तिनं सांगितलं, त्यात घुंगरं वाजतात, पाहुणा उतरतो, नायिका खिडकीत येते.

"आन् टांगेवाला?"

"भाडं घेऊन जातो."

वाजिदनं लगाम उगीचच ओढला.

त्यानं तिला घराच्या दारात सोडलं. दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या घोडीला, बिजलीला, फिरवायला रोज त्याच रस्त्यानं येऊ लागला. रुक्सारच्या दाराशी थांबायचा. ती बिजलीला गुळाचा खडा द्यायची. बोलणं घोडीच्या नालेचं नाहीतर चाऱ्याचं. बाकीचं ओठांपर्यंत येऊन परत जायचं...

रविवारी सोलापूरचे पाहुणे बघायला येणार, हे तिनं सांगितलं तेव्हा तो नुसतं "बरं" म्हणाला. त्या एका शब्दानं तिची झोप उडाली. त्याला काहीच वाटत नाही? की हिंमत नाही?

रविवारी ती पाहुण्यांसाठी चहा ओतत होती. तेवढ्यात कुणाची तरी वरात आली. बघायचं नाही, असं ठरवूनही ती ट्रे हातात घेऊन दारात गेलीच. बँड पुढं निघून गेला. वाजिदचा टांगा मात्र तिच्या दारासमोर थांबला. त्यानं लगाम झटकला, बिजलीला चुचकारलं. घोडी हलेना. मान दाराकडं करून गूळ मागत राहिली. मागं बसलेला नवरदेव वैतागला. पाहुणे कप घेऊन ओट्यावर आले.

"घोडी का थांबली रं?" रुक्सारच्या अब्बांनी, फारुकभाईंनी विचारलं.

तहान लागली असेल, असं म्हणून सुटता आलं असतं. वाजिदनं रुक्सारकडं पाहिलं.

"सवय हाय तिला, चाचा."

"कुणी लावली?"

"मी लावली. रोज थांबतो हितं."

रुक्सारनं ट्रे खाली ठेवला.

"एकट्यानं न्हाय, अब्बा. दोघांनी लावली."

फारुकभाई लेकीकडं बघत राहिले... मग पाहुण्यांकडं. पाहुण्यांनी कप ओट्यावर टेकवले.

"आधी नवरदेवाला पोचव," फारुकभाई वाजिदला म्हणाले. "मग ये. येताना बापाला घिऊन ये."