पाटीमागची फांदी

सावरखोल गावाच्या बरोबर मधोमध कोशिंबाचं एक जुनं झाड आहे. त्या वर्षी माघ संपता संपता त्याने अर्धंच अंग रंगवलं. वरच्या वाडीकडची बाजू कोवळ्या लालभडक पालवीने पेटलेली, आणि खालच्या वाडीकडची उघडीबोडकी, नुसत्या काटक्या. झाड एक, खोड एक, मुळं एकाच मातीत, आणि कारभार मात्र दोन! बिनड्रायव्हरची बससुद्धा तिथे आली की क्षणभर थबकायची. ती खड्ड्यामुळे थबकते असं काही लोक म्हणत; पण अशा लोकांचं आपण ऐकू नये.

ही गोष्ट घडायला अजून तीसेक वर्षं आहेत. तेव्हा टपाल उडत येतं, शाळेत यंत्रमानव असतो; पण जत्रा जुनीच असते आणि भांडणंही जुनीच. सावरखोलची रीत अशी, की कोशिंबाला ज्या वाडीच्या बाजूने आधी पालवी फुटेल, त्या वाडीच्या मुलाने किंवा मुलीने चैत्रातल्या जत्रेत ढोलाचा पहिला ठोका द्यायचा. अट एकच. वय बाराच्या आत हवं.

खालच्या वाडीच्या वेणू शेलारला वैशाखात बारावं पूर्ण होणार होतं. म्हणजे ही शेवटची संधी. तीन वर्षं तिने सराव केला होता, बादलीवर, दप्तरावर, जेवायच्या ताटावर. तिची बोटं कधी म्हणून स्वस्थ नसत. एकदा आईने तिला कणीक तिंबायला बसवलं, तर शेजारची माणसं जत्रा सुरू झाली असं समजून नवे कपडे घालून बाहेर आली.

आणि गेली पाच वर्षं मान जात होता वरच्या वाडीला!

"झाडालासुद्धा कळतं गं, खरी माणसं कुठं राहतात ते," पारावर पाय हलवत बज्या म्हणाला. हा वरच्या वाडीचा, वेणूच्याच वर्गातला. यंदाचा पहिला ठोका त्याचा, हे ठरल्यातच जमा होतं.

"गप रे. तुम्ही लोक गुपचूप खत घालता."

"घालतो की! पण मुळांना काय माहीत, कुठली फांदी कुठल्या वाडीची?"

बज्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. फाल्गुनातल्या पहिल्या रविवारी सरपंच अंजनाकाकू मान जाहीर करणार होत्या. हातात आठ दिवस होते.

तिने शाळेतून मोजूला आणलं. मोजू म्हणजे शाळेचा यंत्रमानव. पिठाच्या डब्याएवढं अंग, तीन चाकं आणि हवी तेवढी लांब होणारी मान. त्याला जगात एकच गोष्ट नीट येत होती, मोजणं. त्याने झाडाभोवती अठ्ठावीस फेऱ्या मारल्या.

"मातीतली ओल दोन्ही बाजूंना सारखी," तो म्हणाला. "मातीचं तापमान सारखं. वारा सारखा. ऊन मात्र तुमच्या बाजूला दिवसाकाठी अकरा मिनिटं जास्त."

"जास्त? मग आपली बाजू झोपलीय का?"

"झोप मोजायचं उपकरण माझ्याकडे नाही, वेणूताई."

उरले आजोबा. डॉ. हणमंत शेलार, म्हणजे वेणूचे नाना, झाडांचे शास्त्रज्ञ होते. साऱ्या जगात हिंडून पाच वर्षांपूर्वी ते गावी परतले होते. वेणूने त्यांना गाठलं.

"सोपं आहे," नाना म्हणाले. "वरच्या वाडीची माणसं फार घोरतात. त्या गरम वाऱ्याने पालवी लवकर फुटते."

"नाना!"

"बरं, मग ऐक. ब्राझीलच्या जंगलात एक झाड होतं. पालवी फुटायच्या आधी ते शिंकायचं. मी स्वतः त्याला रुमाल दिलाय."

"खरं सांगा ना!"

नानांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. काच लख्ख झाली तरी पुसतच राहिले. वेणूला ते विचित्र वाटलं. झाडाबद्दल विचारलं की नाना एरवी तासभर थांबत नसत.

शनिवार उजाडला तरी उत्तर नव्हतं. वेणू घरात बसेना, अंगणात टिकेना. दिवस मावळताना ती मोजूला घेऊन पुन्हा झाडाखाली गेली. "मान वर कर आणि वरून फोटो काढ. काहीतरी राहिलंय आपलं बघायचं."

मोजूची मान शेंड्याच्याही वर गेली. मग वरूनच त्याचा आवाज आला, "लाल बाजूत एक भोक आहे. तिथली एक फांदी उघडी आहे. भोकाचा आकार चौकोनी."

"चौकोनी? झाडात चौकोन कसा येईल?"

"म्हणूनच तीनदा मोजला."

एवढ्यात टक् करून पारावरचा दिवा लागला. वरच्या वाडीच्या बाजूला खांब होता. सूर्य बुडाला की दिवा आपोआप लागे आणि दहाला विझे. त्याचा पिवळसर उजेड सगळ्या लाल फांद्यांवर पसरला. फक्त एका ठिकाणी सावली पडली, चौकोनी, आणि नेमकी त्या उघड्या फांदीवर!

वेणूने खांबाकडे पाहिलं. दिव्याला एक पाटी अडकवलेली होती, दिव्याच्या दुप्पट मोठी. तिच्यावर लिहिलं होतं: डॉ. हणमंत शेलार यांजकडून ग्रामस्थांस सप्रेम भेट.

ती धावत घरी आली, मोजू तिच्या मागोमाग. नाना ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"नाना, तुमची पाटी झाडावर छापलीय!"

नानांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दिसली का शेवटी," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"गेल्या वर्षी शंका आली. यंदा खात्री झाली. चाळीस वर्षं मी लोकांना शिकवलं, झाडाला उजेड कसा कळतो ते. आणि स्वतःच्या गावात दिवा लावला तो झाडाच्या तोंडावर! कुठल्या तोंडाने सांगू?"

वेणूला राग आला होता. पण रागापेक्षा प्रश्न मोठा होता. "आधी मला सांगा. दिव्याने पालवी कशी फुटते?"

"गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आण," नाना म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "झाडाचं खोड म्हणजे टाकी, आणि प्रत्येक पान म्हणजे उघडा नळ. पानावर हजारो पर्णरंध्रे (अगदी बारीक छिद्रे) असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते. हिवाळ्यात जमीन सुकायला लागली, की झाडाने काय करावं?"

"नळ बंद करावेत. म्हणजे... पानं गाळावीत!"

"शाबास. पानं गळतात, पण मुळं खोलवरून थोडंथोडं पाणी ओढतच राहतात. टाकी हळूहळू भरते. माघ संपेपर्यंत आपलं कोशिंब भरलेलं असतं."

"मग लगेच पालवी का नाही फुटत?"

"कारण ते दिवस मोठा व्हायची वाट बघतं. याला म्हणतात प्रकाशावधी (दिवसभरात उजेड किती तास टिकतो तो काळ). पौषात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा. मग तो वाढत जातो, रोज जेमतेम मिनिटभर."

"गेल्या तीस दिवसांत सव्वीस मिनिटांनी वाढला," मोजू म्हणाला. त्याला न विचारता बोलायची सवय होती.

"एवढंसं झाडाला कळतं?"

"आज-उद्यातला फरक कळत नाही, पण महिनाभराचा कळतो. फांदीवरच्या प्रत्येक डोळ्यात (जिथून पालवी फुटते त्या कोंबात) उजेड ओळखणारं एक रंगद्रव्य (रंगीत पदार्थ) असतं. उजेड पडला की ते जागं होतं, अंधारात हळूहळू निजतं. हे रंगद्रव्य आणि झाडाच्या आतलं घड्याळ मिळून रात्र किती लांब होती ते ठरवतात. रात्र पुरेशी लहान झाली, की डोळा उघडतो. आणि प्रत्येक डोळा आपली रात्र आपणच मोजतो. शेजारच्या फांदीला विचारायला जात नाही."

"पण ऊब बघून का नाही फुटत?"

"पौषातही कधी आठ दिवस उकडतं. अवकाळी पाऊसही येतो. त्यांच्यावर विसंबणारं झाड फसतं. सूर्याचं वेळापत्रक मात्र कधी चुकत नाही. पावसाळा येईल तेव्हा पानं पुरी वाढून कामाला तयार हवीत, म्हणून झाड त्याच्या आधीच सुरुवात करतं."

वेणू उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. "म्हणजे टाकी दोन्ही बाजूंची भरली. पण दिवा रात्री दहापर्यंत जळतो, म्हणून वरच्या वाडीकडच्या डोळ्यांना वाटलं दिवस केव्हाच मोठा झाला! आपल्या बाजूला खरी रात्र, म्हणून आपली बाजू थांबली. आणि पाटीच्या सावलीतली फांदी वरच्या वाडीची असूनही थांबली!"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "उद्या सभेत सांगणार?"

सांगितलं तर साऱ्या गावासमोर नानांचं हसं होणार. नाही सांगितलं तर ढोल गेला, कायमचा.

रविवारी दिवेलागणीला सारं गाव पारावर जमलं. अंजनाकाकू मान जाहीर करायला उभ्या राहिल्या, तशी वेणूही उठली आणि दिव्याची हकिकत सांगू लागली. नाव मात्र तिने घेतलं नाही.

"दिव्याने पालवी फुटते?" बज्या ओरडला. "आमच्या आजोबांच्या टकलावर रोज ट्यूबलाइट पडते. एक केस उगवला नाही अजून!"

सगळा पार हसला. वेणूने मोजूला खूण केली. मोजूने पारालगतच्या मंदिराच्या भिंतीवर फोटो दाखवला: लाल झाड आणि त्यातलं चौकोनी भोक. नेमका तेव्हाच दिवा लागला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सावली त्याच फांदीवर पडली. हसू विरलं.

"पण हा दिवा लावला कुणी?" मागून कुणीतरी विचारलं.

नाना काठी टेकत उठले. "वाचता येत नाही का? दिव्यापेक्षा मोठी अक्षरं काढून घेतली होती मी! चूक माझी आहे. पोरीने शोधली."

लोक कुजबुजले, दोघंतिघं फिदीफिदी हसलेही. अंजनाकाकूंनी हात वर केला. "दिव्याने फुटलेली पालवी धरता येणार नाही. आजपासून जत्रेपर्यंत दिवा बंद. आणि मग वरच्या वाडीकडे यंदा फांदीच उरली नाही, तेव्हा मान..."

खालच्या वाडीने आरोळी ठोकली. वेणूची बोटं मोजूच्या पाठीवर कधीच धावू लागली होती. आणि मग ती थांबली.

"काकू, एक फांदी उरते," ती म्हणाली. "पाटीमागची. तिच्यावर दिवा पडला नाही. ती आमच्यासारखीच वाट बघतेय."

"अगं, गप!" तिचा चुलता ओरडला. पण बोलून झालं होतं.

ठरलं मग. वरच्या वाडीची ती एक फांदी, आणि खालच्या वाडीची अर्धी बाजू. ज्या बाजूची पालवी आधी, तिचा मान.

पुढचे बावीस दिवस वेणूने कसे काढले ते तिलाच ठाऊक. सकाळी उठून झाड, शाळेत जाताना झाड, येताना झाड. तिने इतक्या वेळा वर पाहिलं, की तिची मान मोजूच्या मानेपेक्षा लांब झाली, असं वर्गातली पोरं अजून शपथेवर सांगतात.

तेविसाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, पाटीमागच्या फांदीच्या टोकाला लाल ठिपका दिसला. खालच्या वाडीकडचा पहिला ठिपका बुधवारी आला. एका दिवसाने!

वेणू दोन दिवस कुणाशी बोलली नाही. चुलता मात्र तिच्या वाटणीचंही बोलला. तिसऱ्या दिवशी बज्या दारात आला, कधी नव्हे तो मान खाली घालून.

"वेणे, ठोका कसा देतात गं? आमच्यात कुणी सरावच केला नाही. दरवर्षी मान मिळायचाच ना."

वेणूने त्याला शिकवलं. शिकवताना ढोलाचं टिपरू तीनदा त्याच्या बोटांवर बसलं. त्यातलं एकदा चुकून.

जत्रेत बज्याने पहिला ठोका दिला. तो बरा बसला. गुलाल उडाला, सगळे नाचायला लागले. एव्हाना पूर्ण लाल होऊन हिरवं व्हायला लागलेल्या कोशिंबाकडे वेणू एकटक बघत होती.

"नाना, झाड एक. दिवा बंद. मग एका दिवसाचा फरक का पडला?"

नानांनी तोंड उघडलं. आता ब्राझीलचं झाड येणार, असं तिला वाटलं. पण नाना म्हणाले, "माहीत नाही."

"तुम्हालाही?"

"कदाचित कुणालाच नसेल. या झाडाला कुणी विचारलंच नाही अजून."

"पाटीच्या कडेने थोडा उजेड सांडत असेल का आधी? की त्या फांदीला पाणी आधी पोचलं? दिवा वर्षभर बंद ठेवला तर पुढच्या वर्षी कळेल?" नाना काही सांगायच्या आत ती शिडी आणायला पळालीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बज्या पारावर आला तेव्हा वेणू झाडावर होती, हातात रंगीत दोऱ्यांचा गुंडा. मोजूची मान तिच्या बाजूने वर गेलेली.

"आता वर काय ठेवलंय? ठोका तर माझा झाला."

"खाली वही आहे, उचल. लिही. पाटीमागची फांदी, डोळे एकशे चौदा."

"मी का लिहू?"

"पुढच्या वर्षी तुमची बाजू हरली तर का हरली ते कळायला नको?"

बज्याने जरा विचार केला. मग वही उचलली आणि मांडी घालून बसला.

"एकशे चौदा," तो म्हणाला. "पुढं?"