शुक्रवारचं पाणी

हे लिहायचं नाही, असंच सम्यकने ठरवलं होतं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. कारण यात चोर सापडतो, पण त्याचा आनंद कोणालाच होत नाही. शेवटी बदलापूरच्या भाड्याच्या खोलीत, पंख्याशिवाय कोणी बोलत नाही तिथे, तो बसला आणि एका दमात लिहून काढलं.

सम्यकचं काम असं. एका परदेशी पंप कंपनीची देशभर ऑफिसं. प्रत्येक ऑफिसचा जुना हिशेब उचलून नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा, लोकांना शिकवायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. तो गेला की थोड्याच दिवसांत तिथली अकाउंट्सची खोली रिकामी व्हायची. सगळं काम हैदराबादला बसून व्हायचं. लोक त्याला चहा पाजायचे, पण फोन नंबर कोणी मागायचं नाही.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या ऑफिसात अकाउंट्समधल्या समीरने मागितला. तेवढ्यावर दोस्ती झाली.

आणि शनिवारी सकाळी तोच समीर, सम्यकसोबत, उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये, पँटच्या चेनच्या दुकानावरच्या माळ्यावर, शलाकाताईंसमोर घाम पुसत बसला होता. शलाकाताई खाजगी डिटेक्टिव्ह. आधी विमा कंपनीसाठी खोटे क्लेम पकडायच्या.

"झालंय काय?"

"नव्या सिस्टीममध्ये भरलेलं सगळं काल, शुक्रवारी, कोणीतरी उडवलं," सम्यक म्हणाला. "याच्या लॉगिनवरून, याच्याच मशीनवरून. ऑफिसच्या बाहेरून ते उघडतच नाही. बॅकअप आहे, पण नवी सिस्टीम चालू व्हायचं आता लांबणार."

"मुंबईचे हेड ऑफिसवाले म्हणतात, संध्याकाळपर्यंत कबूल हो, नाहीतर पोलीस," समीर म्हणाला. "ताई, केस झाली तर मला परत कोण कामावर ठेवणार?"

"शुक्रवारी कुठे होतास?"

"शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. घरीच झोपलो होतो."

"कोणी बघितलं?"

"मला कोण बघणार? आई गेल्यापासून एकटाच असतो."

ताईंनी पर्स उचलली. "चल. रिक्षा थांबव."

ऑफिसच्या गेटवर सनी होता. एजन्सीने याच आठवड्यात पाठवलेला सिक्युरिटीवाला. अजून कोणाला ओळखत नव्हता.

"काल कोण आलं होतं?"

"कोणीच नाही, मॅडम. छुट्टी थी ना. एक पाणीवाला आला फक्त, खांद्यावर कॅन घेऊन. चावी इथे खिळ्यालाच असते. घेऊन गेला, ठेवून गेला."

"चेहरा?"

"कॅनच्या मागे चेहरा. काय दिसणार, घंटा?" मग जीभ चावून, "सॉरी, मॅडम."

"बरोबर आहे," सम्यक म्हणाला. "जांभूळच्या पाणी केंद्रावर काम चाललंय. काल सकाळपासून अख्ख्या एमआयडीसीला पाणी नाही. म्हणून कोणीतरी कॅन मागवला असेल."

"सुट्टीच्या दिवशी?" ताई म्हणाल्या. "पिणार कोण?"

आणि त्या आत निघाल्या.

ब्रँच मॅनेजर मनाली मॅडम केबिनमध्ये वैतागून बसल्या होत्या. "सकाळी मुंबईचा फोन आला तशी मी सगळ्यांच्या आधी येऊन अकाउंट्सच्या खोलीला कुलूप घातलं. कोणाला आत सोडलेलं नाही. आणि काल मी कर्जतला लग्नात होते. व्हिडिओ आहे, वरातीत नाचतेय, बघायचाय?"

"नको. इथे पाण्याचे कॅन येतात?"

"फिल्टर लावल्यापासून बंद केले."

"गुरुवारी शेवटी कोण निघालं?"

"मीच. त्या खोलीत कुंड्या आहेत, सोडून गेलेल्या लोकांच्या. कमळाकरची, द्रौपदीबाईंची, अजून कोणाकोणाच्या. खाली बशा, त्यात डास. फेकून द्या म्हटलं की चिंतामणीकाका रुसतात. म्हणून निघताना बशा तेवढ्या ओतून कोरड्या करून आले."

चिंतामणीकाका बाहेरच्या बाकावर बसले होते. रिटायरमेंट जवळ आलेली. शर्टाची कॉलर घासलेली, पण इस्त्री कडक.

"काका, समीरचा पासवर्ड कोणाला माहीत होता?"

"मला. जुनं सॉफ्टवेअर उघडायला जाम वेळ घ्यायचं. मी पहिला येणारा. सगळ्यांची मशीन चालू करून ठेवायचो, पोरं आली की डायरेक्ट कामाला."

"नव्या सिस्टीमचेही पासवर्ड दिले सगळ्यांनी?"

"मॅडमनी नाही दिला. समीरने दिला. सवय ना."

"तुमच्या लॉगिनवरून काही पुसता येतं?"

काका हसले. "माझ्यात नुसतं बघता येतं. जाणाऱ्या माणसाला कशाला देतायत?"

"काल कुठे होतात?"

"बदलापूरला, घरी. खोली कधी उघडणार? माझा चष्मा आत राहिलाय. आणि समीर काही जेवला का?"

"बघते," ताई म्हणाल्या. "मॅडम, कुलूप काढा. सगळेच या आत."

खिडकीत सहा कुंड्या होत्या. ताईंनी पहिल्या बशीत बोट घातलं. दुसऱ्या. तिसऱ्या. सगळ्या बशा भरलेल्या.

"गुरुवारी मॅडमनी बशा कोरड्या केल्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज सकाळपासून कुलूप. म्हणजे हे पाणी शुक्रवारचं. पण शुक्रवारी नळाला पाणी नव्हतं. ते खांद्यावरून आलं. सनीने पाणीवाला नाही, पाणी आणणारा माणूस बघितला."

"समीरही आणू शकतो," मनाली मॅडम म्हणाल्या.

"स्वतःच्या नावाने डेटा उडवायला येणारा माणूस घरून पाणी उचलून आणून झाडांना घालेल? हे त्याने केलं, ज्याला झाडं मेलेली बघवत नाहीत. ज्याच्या स्वतःच्या लॉगिनमधून पुसता येत नाही, आणि ज्याला समीरचा पासवर्ड माहीत आहे." त्या थांबल्या. "काका, कालपासून पाणी नाही, सकाळपासून खोली बंद. तुम्ही चष्म्याचं विचारलंत. कुंड्यांचं एकदाही नाही विचारलंत. कारण त्यांना पाणी मिळालंय, हे तुम्हाला माहीत होतं."

काकांनी टेबलावरचा चष्मा उचलला. लावला नाही.

"मला वाटलं, सॉफ्टवेअरच फेल गेलं म्हणतील. ते नाव लिहून ठेवतं, हे मला कुठे ठाऊक? सकाळपासून सांगू सांगू म्हणतोय. समीर समोर आला की तोंडच उघडत नाही."

"पण का, काका?" समीरचा आवाज चिरकला.

"मी जाणारच आहे रे. बायको गेल्यावर हीच खोली होती मला. म्हटलं, ही रिकामी होऊ नये, कधी चहाला आलो तर खुर्चीत कोणीतरी असावं. ही सहा माणसं गेली, कोणी फिरकलं नाही. मी फिरकलो असतो."

मॅडमनी मुंबईला फोन लावला. पोलीस नको, एवढं त्यांनी भांडून मिळवलं. पण काकांचा तो शेवटचा दिवस ठरला. ते गेटबाहेर पडले तेव्हा सनी उभा राहिला. त्याने आता ओळखलं होतं.

ताईही निघाल्या. जाताना सम्यकला म्हणाल्या, "तू शिकवायला येतोस ना, तेव्हा लोकांना हेही विचार, की इथे पहिलं कोण येतं."

खोलीत दोघंच उरले. समीर कुंड्यांकडे बघत होता.

"इथलं लांबलं, म्हणून सोमवारी वापीला चाललास ना? म्हणजे गेलास तू पण."

सम्यकने त्या भरलेल्या बशांकडे बघितलं. "येत्या शुक्रवारी टेम्पो मी करतो. या सगळ्या कुंड्या काकांच्या घरी पोचवू."

"आणि नंतर?"

"दर शुक्रवारी तुला घेऊन त्यांच्याकडे चहाला."

"वापीहून येशील?"

"वापीहून येईन. पुढे जिथे पाठवतील, तिथूनही येईन. शब्द देतो, भावा."