सेहेचाळीस नंबरची काच

लाईट गेलेले, लिफ्ट मेलेली. सातव्या मजल्याच्या पायरीवर लिफ्टवाले काका तोंडात न पेटवलेली बिडी धरून बसलेले.

"काका, भूत दाखवा ना," ढब्बू म्हणाला.

"आरशात बघ. आणि ऐकायचं असेल तर गप बस. माझ्या ओळखीच्या माणसाचं आहे. खोटं वाटलं तर चालत खाली जा, सात मजले."

कोण जातंय! सगळी पोरं सरकून जवळ बसली.

त्या माणसाला काचवाला म्हणायचे. आता हे शहर कसं? पुढे बंदर, मागे टेकडी, सपाट जमीन औषधाला नाही. अर्धं शहर समुद्र बुजवून बसलंय, अर्धं टेकडी कापून. टेकडी कापली की तिला थोपवायला भिंत, आणि भिंतीला पाठ लावून घरं. पण वरचा खडक कुजका. सुका असला तर दगड, पाणी प्यायला की चिखल. तो भिंतीला ढकलत राहतो, भिंतीला तडा जातो. मग काचवाल्यानं तड्यावर काचेची पट्टी आडवी लावायची. दोन्ही टोकांना सिमेंट, वर तारीख. भिंत केसभर हलली तरी काच फुटते. फुटली की ऑफिसला कळवायचं, आणि त्याच दिवशी खालची घरं रिकामी.

सतरा जुलै, मंगळवार. रात्री दीडला ऑफिसातून फोन. पाऊस वाढलाय, सेहेचाळीस नंबरची भिंत बघून या. काचवाल्यानं रेनकोट चढवला, टॉर्च घेतला, बायकोला म्हणाला, "कडी लाव," आणि निघाला. वर जायला दोनशे बारा पायऱ्या. नंबर ऐकून आधी तो नाहीच म्हणाला होता.

कारण ही भिंत नवी. जुनी सेहेचाळीस नंबरची भिंत एका वर्षापूर्वी पडली. पडायच्या आधी तिच्यावरची काच फुटली होती, आणि ती यानंच पाहिली होती. खाली पाच घरं, पहिलं त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं.

"दादा, सून बाळंत झालीय," ती हात जोडून म्हणाली. "दहा दिवसांचं लेकरू घेऊन रस्त्यावर बसू? आठ दिवस थांब. भिंत काय आजची उभी आहे?"

तो विरघळला. फुटकी काच खरवडली, नवी लावली, आणि वर जुनीच तारीख टाकली. तीन जून. रजिस्टरात लिहिलं, 'काच शाबूत.'

तिसऱ्या दिवशी सून बाळाला घेऊन माहेरी गेली. थांबायचं कारणच संपलं. पण बहिणीनं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. पाचव्या रात्री टेकडी खाली आली. पाचही घरांत झोपलेलं कोणी उठलं नाही.

"मग धरलं त्याला?" चष्मेवाल्या पोरानं विचारलं.

"धरतात कसले! रजिस्टर चोख होतं. साहेबांनी पाठ थोपटली. दोष पावसाला. पावसाला कोण नोटीस देणार, तुझा बाप?"

काका पुढे सांगू लागले.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो वर पोचला. टॉर्च मारला. भिंत गुळगुळीत, एक तडा नाही. हुश्श केलं. वळला.

खर्र...

सिमेंटवर थापी फिरवल्यासारखा आवाज.

खर्र... खर्र...

टॉर्च फिरवला. भिंतीच्या टोकाला कोणीतरी पाठमोरं बसलेलं. बाई. केसांतून लाल चिखल गळतोय. हातात काचेची पट्टी.

"दादा..."

त्यानं टॉर्च तिच्यावरच धरला.

"दादा, तारीख कोणती टाकू?"

पाऊस. नुसता पाऊस.

"सांग ना... कोणती टाकू?"

"आ... आजची," तो कसाबसा म्हणाला.

ती थांबली. काच खाली ठेवली.

"मग तेव्हा का नाही टाकलीस?"

टॉर्च विझला. पेटला. कोणी नव्हतं.

दोनशे बारा पायऱ्या तो कसा उतरला, त्यालाच ठाऊक. दार बडवलं. बायकोनं कडी काढली. "अहो, काय झालं?" तो सरळ स्वयंपाकघरात गेला, पाणी प्यायला. माठाच्या मागे भिंतीवर काहीतरी चमकलं.

काच. आडवी लावलेली. दोन्ही टोकांना ओलं सिमेंट. वर तारीख, तीन जून. अक्षर त्याचंच. आणि काचेखाली केसाएवढा तडा. संध्याकाळी नव्हता.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही. कडी तर आतूनच होती."

काका थांबले. बिडी तोंडातच भिजली होती.

"मग त्यानं ऑफिसला कळवलं?" ढब्बूचा आवाज एवढासा.

"काय कळवणार? काच शाबूत होती." काकांनी अंधारात बघितलं. "अजून आहे. रोज सकाळी उठला की आधी ती बघतो. सात वर्षं झाली."

"आणि?"

"सिमेंट अजून ओलंच आहे."