पितळेच्या रेषा

सांगतो, पण विश्वास कोणी ठेवणार नाही. माझ्या हातात एक यंत्र होतं, ज्याची ठिणगी सूर्यापेक्षा तापायची. त्या ठिणगीनं मी एक ठरलेलं लग्न मोडलं.

पुतणी गालात हसली. माझ्याच जुन्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलीय, त्यामुळे काकाच्या थापांना सहज बधत नाही.

काम साधं होतं. धातूवर लेसर मारायचा. टाचणीच्या टोकाएवढा कण जळून ठिणगी उडते, आणि तिच्या उजेडातल्या रेषा सांगतात आत काय दडलंय. सोन्याच्या रेषा वेगळ्या, तांब्याच्या वेगळ्या. सकाळी आल्या आल्या आधी ठेवणीतला पितळेचा तुकडा तपासायचा. त्याच्या रेषा आलेखाच्या कागदावर जागच्या जागी आल्या, की मगच दिवसाचं काम.

जिचं लग्न मोडलं, ती शेजारच्या इमारतीत नकाशे काढायची. झेरॉक्सचं दुकान समजून एकदा माझ्या दारात शिरली... आणि मग रोजच दार चुकायला लागली.

"तुमच्या यंत्राला माणसं कळतात का हो?"

"त्याला धातू कळतात. माणसं मी बघतो."

"मग बघा की... भिंतीकडे काय बघताय?"

ती हसली, की आलेखावर एक रेषा जास्तीची उमटायची. आईशप्पथ.

असे चार महिने गेले. यंत्र बोलायचं, मी नाही. मग एका जेवणाच्या सुट्टीत तिनं बोटातली अंगठी काढून माझ्यापुढे ठेवली.

"साखरपुडा झाला परवा. आत्या म्हणते, मुलाकडचे लोक बनेल आहेत. तुम्ही तपासा. तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन."

"परवा? मला बोलली नाहीस..."

"बोलायचं कोणी होतं? मी चार महिने थांबले होते."

मी लेसर मारला. ठिणगी उडाली. आलेखाचा कागद तिच्या हातात दिला. तांबं आणि जस्त... अस्सल पितळ. काय करणार, यंत्र कुणाची भीड ठेवत नाही.

तिनं लग्न मोडलं. आठवड्यानं मी धीर करून विचारलं, "मी चालेन?"

तिनं पर्स उघडली. मग घडी घातलेला तो कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "हा तुमच्याकडेच राहू दे." पुढच्या महिन्यात गाव सोडून गेली. पुन्हा भेट नाही.

मी कागद पुतणीपुढे धरला. "नशीब, दुसरं काय. हा बघ कागद, अजून जपलाय. पुरावा आहे, म्हणून तर सांगतो."

पुतणीनं घडी उलगडली, चष्मा वर सरकवला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"काका, इथे वेळ छापलीय. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. ती तर जेवणाच्या सुट्टीत आली होती ना? हा अंगठीचा कागद नाही. तुमच्या पितळेच्या तुकड्याचा आहे."