वाळला का?

आमची पहिली भेट झाली तेव्हा मला त्याचे फक्त पाय दिसले. बाकीचा तो इंजिनाखाली होता. मी लाल रंग ढवळत मागे सरकले, अडखळले, आणि अर्धा डबा त्याच्या पँटवर.

खालून आवाज आला, "वाळायला किती वेळ लागतो हो याला?"

"दोन दिवस."

"मग मी दोन दिवस इथेच पडून राहतो..."

मेलं हसूच आलं मला.

शेडमध्ये सगळे त्या वाफेच्या इंजिनाला म्हातारी म्हणत. वर्षानुवर्षं गंजत पडलेल्या म्हातारीला पुन्हा रुळांवर आणायचं काम माझ्या मामाकडे होतं. मामा मुकादम, तो फिटर, आणि इंजिनावरचे आकडे रंगवायला मामाने आणलेली मी. त्या दिवसापासून फिटर रोज सकाळी हात पुसत यायचा आणि विचारायचा, "वाळला का?" मी म्हणायचे, "अजून ओला आहे." मग तो तिथेच टेकून चहा प्यायचा. रंग कधीचा वाळलेला असायचा, आणि हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

"फार हट्टी आहे तुझा रंग," तो एकदा म्हणाला.

"रंगवणारीवर गेलाय."

यावर तो असा बघत राहिला की माझ्या हातून आकड्याचं शेपूट भलतीकडेच गेलं. मी अख्खा आकडा पुसला. पुसायला निमित्तच हवं होतं मला. म्हातारी चालू लागली की दूरच्या डोंगरातल्या मार्गावर जाणार होती, आणि मग त्याला इथे काम उरणार नव्हतं. सुदैवाने तिचा एक सांधा काही केल्या बरा होत नव्हता. दर चाचणीला तिथून वाफ गळायची आणि मामा कपाळाला हात लावायचा.

मग एका रात्री जेवताना मामा म्हणाला, फिटर म्हातारीबरोबरच जाणार, कायमचा. त्याने स्वतःच मागून घेतलंय. मी ताट तसंच सोडून उठले. मला एका शब्दानं सांगितलं नाही त्याने! आणि मी वेडी, चहाच्या कपात संसार मांडून बसले होते.

सकाळी जाऊन मी शेवटचा आकडा रंगवून टाकला. म्हातारीला निघताना बघायला पाहुणे जमत होते. आज वाफ धरली तर म्हातारी दुपारीच निघणार होती. तो आला. हातात पाना होता.

"वाळला का?" आज हळूच विचारलं त्याने.

"वाळला," मी मान वर न करता म्हटलं.

"नक्की —?"

"किती वेळा सांगू?"

तो पाना घेऊन इंजिनाखाली गेला. त्या चाचणीला वाफेचा एक फुसकारासुद्धा बाहेर आला नाही.

म्हातारी हलली तेव्हा टाळ्या पडल्या. मामा माझ्या शेजारी होता. "तो सांधा फिटरच रोज सैल करायचा, गाढव," तो पुटपुटला. "मला कळत होतं. काल तू निजल्यावर येऊन म्हणाला, तिला शेवटचं विचारतो, तिने थांबवलं तर जात नाही. विचारलं ना त्याने?"

मी धावले. तो पायरीवर बाहेर वाकून उभा होता, एक हात माझ्या आकड्यावर टेकवून. त्याने हात उचलला, तळव्याकडे पाहिलं. लालभडक. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहराच उतरला.

म्हातारीने वेग घेतला होता.

"ओला आहे," मी म्हणाले. मोठ्यानेच म्हणाले... पण तिच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही.