आडवा शॉकअप

मिस्त्रीच्या जावयाचं पडद्यांचं दुकान होतं. पडदे, उशांचे अभ्रे आणि पायपुसणी. अशा माणसाला डोंगर चढणारी पिकअप कशाला हवी, हे मिस्त्रीला कळलं नाही, आणि जाणून घ्यायचा त्रासही त्याने घेतला नाही. जावई आयुष्यात सर्वांत उंच चढला होता तो दुकानातल्या शिडीवर. पण जुनी पिकअप घेऊन झाली होती आणि आता ती चार इंच उंच करून हवी होती, वर मोठे टायर. गाढवाला गुळाची चव काय, असं मिस्त्री मनात म्हणाला आणि तोंडाने "या, बसा" म्हणाला. एकुलत्या एका मुलीचा नवरा. शेजारच्या सीटवर तीच बसणार होती, म्हणून गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची त्याची तयारी नव्हती.

"बाबा, एक सांगायचं होतं," किल्ली देताना जावई म्हणाला. "ती ओढते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मला वाटतं, तिला कुठंतरी जायचं असतं."

मिस्त्रीने सावकाश हात पुसले. "जावईबापू, गाडीला कुठं जायचं नसतं. माणसाला जायचं असतं. टायरात हवा कमी असेल."

नवऱ्यामागे उभी असलेली मुलगी हसू दाबत होती. मिस्त्रीला तेवढं पुरलं.

गाडी उंच करणं म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे सरकवणं, असं समजणाऱ्या गॅरेजवाल्यांची त्याला किळस यायची. गाडी उचलली की स्टेअरिंगचा दांडा तिरका होतो आणि खड्ड्यात चाक उडालं की तोच चाकाला वळवतो. म्हणून दांडा परत सरळ रेषेत आणावा लागतो. त्याला वेळ लागतो, अक्कल लागते. ही मंडळी काय करतात, तर स्टेअरिंगच्या दांड्याला धक्के जिरवणारा एक शॉकअप आडवा बसवून मोकळी होतात. थरथर दबते, ओढ दबते, गिऱ्हाईक खूश, दुखणं आत जसंच्या तसं. मिस्त्री त्यांना मलमपट्टीवाले म्हणायचा. असा एक शॉकअप त्याच्याही मांडणीवर खोक्यात धूळ खात पडला होता. कुणी विक्रेता नमुना म्हणून ठेवून गेला होता, आणि मिस्त्री तो येणाऱ्याजाणाऱ्याला चेष्टेसाठी दाखवायचा.

पिकअपला त्याने नवे पाटे घातले, नवे शॉकअप लावले, स्टेअरिंगचा दांडा सरळ केला आणि दोरी लावून चाकं जुळवली. काम असं झालं होतं की बघणाऱ्याने शिकावं. अर्थात पडदेवाल्याला त्यातलं काय दिसणार?

चाचणीला त्याने गाडी मुलीच्या घराकडच्या रस्त्यावर काढली. गॅरेजपासून तिच्या दारापर्यंत हा रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. मध्ये फक्त एक खडीचा फाटा, बंद पडलेल्या दगडखाणीकडे जाणारा. खाणीत आता पाणी साचलं होतं आणि तिकडे कुणी फिरकत नसे.

फाट्याच्या अलीकडे त्याने तळवे स्टेअरिंगवरून किंचित उचलले. गाडी डावीकडे सरकली. त्याला बरंच वाटलं. दोष दिसला की काढता येतो. पुढे जाऊन त्याने गाडी वळवली, परत येताना फाटा दिसताच पुन्हा हात उचलले. आता ती उजवीकडे सरकली.

रस्ता सपाट होता, आणि गाडीत दोष असला तर ती जाताना आणि येताना एकाच हाताला ओढते. ही तशी ओढत नव्हती. जाताना खाण डावीकडे होती, येताना उजवीकडे.

"योगायोग," तो मोठ्याने म्हणाला. गाडीत कुणी नसताना आपण बोललो, याचा त्याला राग आला.

त्याने टायर अदलूनबदलून पाहिले, परत दोरी लावली. माप केसभरही चुकलेलं नव्हतं. मग त्याने गाडी स्टँडवर चढवली, पुढची दोन्ही चाकं अधांतरी केली, ती सरळ केली आणि हात धुवायला गेला. परत आला तेव्हा चाकं पान्यांची फळी लावलेल्या भिंतीकडे वळलेली होती.

त्या भिंतीपलीकडे, बरंच लांब, खाण होती.

त्याने चाकं सरळ केली आणि या वेळी तिथेच उभा राहिला. काही वेळ काही झालं नाही. मग बंद गाडीतलं स्टेअरिंग फिरू लागलं. घाई नाही, झटका नाही. मुक्कामाचा रस्ता माहीत असलेला माणूस वळतो तसं.

त्याने दोन चाकांना जोडणारा दांडा काढून जमिनीवर ठेवला. आता एका चाकाचा दुसऱ्याशी संबंध उरला नव्हता.

आधी डावं चाक भिंतीकडे वळलं. थोड्या वेळाने उजवं.

मिस्त्री घाबरला होता, आणि आपण घाबरलो याची त्याला जावयापेक्षा जास्त घृणा वाटली. चाकं म्हणजे लोखंड आणि रबर. त्याने दांडा परत जोडला. मग मांडणीवरचं खोकं काढलं, धूळ फुंकली आणि तो आडवा शॉकअप बसवला.

चाकं स्थिर राहिली. त्याने बराच वेळ पाहिलं. स्थिर राहिली.

मुलगी आणि जावई ऊन उतरायच्या आत आले. जावई गाडीभोवती फिरला, खाली वाकून बघायचा अभिनय करून सरळ उभा राहत म्हणाला, "ओढत होती ना, बाबा?"

हो म्हणायचं आणि किल्ली खिशातच ठेवायची, एवढंच काम होतं. पण जावयाच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हसू होतं. पडदेवाल्याचं.

"हवा कमी होती," मिस्त्री म्हणाला आणि किल्ली दिली.

मुलगी उंच झालेल्या पायरीवर पाय ठेवून हसत वर चढली आणि तिने खिडकीतून हात हलवला. गाडी दिसेनाशी झाल्यावर मिस्त्री झाडू घेऊन आत गेला. जुने पाटे आणि जुने शॉकअप त्याने काढून कोपऱ्यात कसेही टाकले होते. आता ते सगळे एकाशेजारी एक, त्याच भिंतीकडे टोकं करून पडलेले होते.

फोन वाजला.

"बाबा, काय सुरेख केलीत हो!" मुलीचा आवाज आनंदाने भरला होता. "ह्यांनी तर दोन्ही हात सोडलेत. लोण्यासारखी चाललीय."

"हात धरायला सांग. कुठं आहात?"

"घराच्याच रस्त्यावर. आत्ता वळण आलं ना, तर आपली आपणच वळली."

त्या रस्त्याला वळण नव्हतं.

"पोरी, थांबवायला सांग. आत्ताच्या आत्ता. ब्रेक दाबायला सांग."

"अहो, बाबा म्हणतायत थांबवा," ती तिकडे म्हणाली. मिस्त्रीला जावयाचं हसणं ऐकू आलं, आणि त्या हसण्याखाली टायरांना लागणारी खडी.

"बाबांना सांग," जावई म्हणाला, "गाडीला कुठं जायचं नसतं."